मापांचे माप : चाचणीसंचातील पुनरुक्त साहाय्यक फंक्शनांची आवराआवर

रुळाचा साचा

छत्तीसगडातील दुर्ग जिल्ह्यात, भिलाईच्या दक्षिणेस उतई नावाचे एक लहान नगर आहे. या परिसराचे नाव देशभर झाले ते पोलादामुळे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या कारखान्यासंबंधी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. पुढील वर्षापासून भिलाईत लोहमार्गाचे रूळ तयार होऊ लागले. देशातील कितीतरी आगगाड्या आज या रुळांवरून धावत आहेत.

भारतीय रेल्वेच्या मुख्य मार्गांवर आता जो रूळ प्रामुख्याने वापरतात, त्याचे वजन दर मीटरला सुमारे ६० किलोग्रॅम असते. असे दोन रूळ टोकास टोक लावून जोडावयाचे, तर दोहोंचा आडवा छेद तंतोतंत सारखा असावा लागतो. यासाठी रुळाच्या आकाराचा पोलादी साचा तयार करून तो रुळास लावून पाहतात. साचा नीट बसला म्हणजे रूळ मापात आहे असे ठरते. आता अशी कल्पना करा, की एखाद्या कारखान्यात प्रत्येक विभागाने मूळ साच्यावरून स्वतःपुरती एक नक्कल करून घेतली, पुढे त्या नकलेवरून दुसरी नक्कल झाली आणि कोणी आपल्या सोयीसाठी तिची कड किंचित घासलीही. काही वर्षांनी पाच विभागांत पाच साचे होतील, आणि ते पाचही 'साचा' या एकाच नावाने ओळखले जातील. कामगार रुळाविषयी शंका घेईल, परंतु साच्याविषयी घेणार नाही. सारी अडचण येथेच आहे.

मोजणाऱ्या वस्तूच्या नकला हळूहळू एकमेकींपासून दूर जातात, हा अनुभव नवा नाही. दशमान पद्धती येण्यापूर्वी आपल्याकडे शेर, पायली आणि मण ही मापे गावोगाव वेगळी होती. नाव एक आणि धान्य निराळे, हा रोजचा प्रकार होता. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक वजनमापे लागू होऊ लागली, तेव्हा त्या सुधारणेचा गाभा नव्या नावांत नव्हता. प्रत्येक माप एकाच मूळ मापाशी ताडून पाहता यावे, हा तिचा खरा हेतू होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत ठेवलेला ५७ क्रमांकाचा किलोग्रॅम हे असेच एक मूळ माप. २०१९ साली किलोग्रॅमची व्याख्याच निसर्गातील एका स्थिरांकावर आधारण्यात आली. पण मूळ एक असावे हे तत्त्व कायम राहिले.

प्रस्तुत पुस्तिकेत याच तत्त्वाचा विचार एका वेगळ्या क्षेत्रात करावयाचा आहे. ते क्षेत्र संगणकाच्या आज्ञावलींचे आहे. तेथेही माल तयार होतो, तेथेही तो तपासावा लागतो आणि तेथेही तपासण्याच्या अवजारांच्या नकला होतात.

आज्ञावली आणि तिची चाचणी

संगणकाने काय करावे हे क्रमाने सांगणाऱ्या आज्ञांच्या समूहास आज्ञावली म्हणतात. मोठ्या आज्ञावलीत लक्षावधी ओळी असतात. त्यांतील एक ओळ बदलली असता दूरच्या एखाद्या भागात बिघाड होऊ शकतो, आणि तो वाचून लक्षात येईलच असे नाही. म्हणून आज्ञावलीबरोबरच तिची चाचणी घेणारी दुसरी, लहान आज्ञावली लिहिण्याचा प्रघात पडला. या दुसऱ्या आज्ञावलीत शेकडो लहान चाचण्या असतात. प्रत्येक चाचणी एक परिस्थिती निर्माण करते, मूळ आज्ञावलीस एक प्रश्न विचारते आणि मिळालेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहते. या सर्व चाचण्या मिळून चाचणीसंच होतो. कोणीही आज्ञावलीत बदल केला, की संपूर्ण संच चालवून पाहावयाचा. सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या, तर बदल स्वीकारण्यास हरकत नाही असे मानतात.

चाचण्या लिहिताना काही कामे पुनःपुन्हा करावी लागतात. समजा, वाचनालयाच्या आज्ञावलीची चाचणी घ्यावयाची आहे. तर प्रत्येक चाचणीपूर्वी एक कल्पित सभासद, एक कल्पित पुस्तक आणि देवघेवीची एक नोंद तयार करावी लागेल. ही कामे ज्या लहान आज्ञासमूहांकडे सोपवितात त्यांना साहाय्यक फंक्शने म्हणतात. फंक्शन म्हणजे नाव दिलेला आज्ञांचा गट. नाव घेतले की गट चालतो.

एकदा लिहिलेला गट सर्वांनी वापरावा, ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली 'एडसॅक' हा संगणक कार्यान्वित झाला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी त्यासाठी उपयुक्त आज्ञागटांचा एक संग्रहच सिद्ध केला आणि १९५१ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. हे गट कागदी फितीवर छिद्रांच्या रूपाने नोंदलेले असत. कोणास वर्गमूळ काढावयाचे असल्यास तो संग्रहातील फीत काढी आणि यंत्राच्या साहाय्याने तिची नक्कल आपल्या फितीत उतरवून घेई. नक्कल यंत्र करीत असल्यामुळे ती मुळाबरहुकूम असे. आजचा लेखक संगणकाच्या पडद्यावर क्षणार्धात नक्कल करतो. परंतु ती करताना तो तीत चार अक्षरे बदलतोही, आणि मूळ कोठे होते ते विसरून जातो.

नकला का होतात

याचा दोष केवळ आळसास देणे न्याय्य होणार नाही. चाचणी लिहिणाऱ्याचे लक्ष मुख्य कामाकडे असते. शेजारच्या फाइलीत हवे तसे फंक्शन दिसले, की ते उचलून आपल्या फाइलीत ठेवणे हा सर्वांत जवळचा मार्ग होय. सामाईक फाइलीत ते हलवावयाचे, तर दुसऱ्याच्या फाइलीस हात लावावा लागतो, त्याची संमती घ्यावी लागते आणि सर्व संच पुन्हा चालवावा लागतो. शिवाय 'या तर केवळ चाचण्या आहेत, ग्राहकाच्या हाती थोड्याच जाणार आहेत?' असाही विचार मनात येतो. अशा रीतीने दोनाच्या चार नकला होतात आणि चाराच्या नऊ.

नकलांमुळे फाइली लांबतात, ही हानी क्षुल्लक समजावी. खरी हानी कोणती, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू.

वाचनालयाचे उदाहरण

उतईसारख्या एखाद्या गावच्या सार्वजनिक वाचनालयासाठी आज्ञावली लिहिली आहे असे समजा. नियम तीन आहेत. पुस्तक पंधरा दिवसांसाठी मिळते. पंधरावा दिवस रविवारी आला, तर त्या दिवशी वाचनालय बंद असल्यामुळे मुदत सोमवारपर्यंत वाढते. मुदतीनंतर दररोज एक रुपया दंड पडतो.

आज्ञावलीचे तीन भाग आहेत : दंडाची आकारणी, मुदतवाढ आणि स्मरणपत्रे. प्रत्येक भागाच्या चाचण्या वेगळ्या फाइलीत आहेत, आणि तिन्ही फाइलींत 'मुदतीची तारीख' या नावाचे एक साहाय्यक फंक्शन आहे. दंडाच्या फाइलीतील फंक्शन पुस्तक नेल्याच्या तारखेत पंधरा मिळविते, एवढेच. मुदतवाढीच्या फाइलीत त्याचीच नक्कल आहे. स्मरणपत्रांच्या फाइलीतील फंक्शन मात्र दुसऱ्या व्यक्तीने नियम वाचून लिहिले. ते पंधरा मिळविते आणि रविवार आल्यास एक दिवस पुढे जाते.

आता असे धरा, की मूळ आज्ञावलीच्या दंडाच्या भागात रविवारचा नियम लिहावयाचा राहून गेला. हा दोष चाचणीत सापडावयास हवा होता. तो सापडत नाही, कारण दंडाच्या फाइलीतील फंक्शनही रविवार विसरलेलेच आहे. माल आणि साचा या दोहोंत एकच खोट आहे. त्यामुळे साचा व्यवस्थित बसतो. स्मरणपत्रांचा भाग बरोबर आहे आणि त्याचे फंक्शनही बरोबर आहे, म्हणून तेथेही सर्व चाचण्या उत्तीर्ण. संपूर्ण संच उत्तीर्ण झाल्याची वार्ता संगणक देतो.

एक मुलगी शनिवारी, १ जून २०२४ रोजी पुस्तक नेते. पंधरा दिवसांनी १६ जून येतो, तो रविवार. तिच्या हाती आलेल्या स्मरणपत्रात १७ जून ही तारीख आहे. ती सोमवारी, १७ जूनला पुस्तक घेऊन येते आणि संगणक तिच्या नावावर एक रुपया दंड दाखवितो. रक्कम लहान आहे. तथापि मुलीचे म्हणणे खरे असूनही 'संगणक चुकत नाही' असे तिला ऐकावे लागेल, ही गोष्ट लहान नव्हे. वाचनालयाच्या जागी रुग्णालयातील औषधांची मात्रा किंवा कामगारांची मजुरी ठेवून पाहिली, म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येईल.

येथे एक गोष्ट नीट पाहावी. तीन साक्षीदारांनी एकाच घटनेविषयी जबान्या दिल्या होत्या आणि त्यांतील एक इतर दोघांशी विसंगत होती. परंतु तिघांना समोरासमोर कोणी उभे केलेच नव्हते. पुनरुक्त फंक्शने एकत्र आणण्याचा सर्वांत मोठा लाभ हाच, की नकलांतील भेद उजेडात येतो. तो भेद हीच माहिती होय.

आवराआवरीची रीत

या कामात घाई करणारा माणूस फार नुकसान करतो. वरील उदाहरणात एखाद्याने तिन्ही फंक्शने 'सारखीच दिसतात' म्हणून पहिले ठेवले आणि उरलेली दोन पुसून टाकली, असे समजू. स्मरणपत्रांच्या चाचण्या तत्काळ अनुत्तीर्ण होतील. मग तो मूळ आज्ञावलीतील रविवारचा नियम 'चूक' समजून काढून टाकील, आणि सर्व संच पुन्हा उत्तीर्ण होईल. एका भागातील दोष अशा रीतीने सर्व भागांत पसरेल, आणि तोही स्वच्छतेच्या नावाखाली. हे टाळण्यासाठी अनुभवी लोक पुढील क्रम पाळतात.

प्रथम काहीही न बदलता संपूर्ण संच चालवावा आणि एकंदर चाचण्या किती, उत्तीर्ण किती, याची नोंद करावी. आरंभीच काही चाचण्या अनुत्तीर्ण असतील, तर आधी त्यांचा निकाल लावावा. आधीच गढूळ असलेल्या पाण्यात आपण किती गाळ ढवळला हे कळत नाही.

नंतर नकलांची यादी करावी. एकाच नावाची फंक्शने शोधणे सोपे असते. नाव वेगळे पण काम एकच, अशी फंक्शने शोधण्यास फाइली वाचाव्या लागतात. सापडलेल्या नकला शेजारी शेजारी ठेवून ओळीस ओळ ताडाव्या. त्यांचे तीन वर्ग पडतात. काही नकला अर्थानेही एक असतात. त्या निर्धास्तपणे एकत्र कराव्या. काही दिसावयास एक, पण हेतूने भिन्न असतात. उदाहरणार्थ, पुस्तकाची पंधरा दिवसांची मुदत आणि अनामत परत देण्याची पंधरा दिवसांची मुदत. आज दोन्ही आकडे योगायोगाने जुळतात, उद्या एक बदलेल; त्या वेगळ्याच ठेवाव्या. तिसऱ्या वर्गात अशा नकला येतात, की ज्या एक असावयास हव्या होत्या पण भिन्न आहेत. त्यांच्याजवळ थांबून विचारले पाहिजे : यांतील बरोबर कोणती? या प्रश्नाचे उत्तर फाइलीत नसते. ते वाचनालयाच्या नियमावलीत किंवा ग्रंथपालाकडे मिळते.

त्यानंतर सामाईक फाइलीत एक फंक्शन लिहावे आणि त्यास अर्थवाही नाव द्यावे. मग एका वेळी एकाच फाइलीतील जुनी नक्कल काढून तेथे नव्या फंक्शनाचे नाव घालावे, संच चालवावा आणि बदलाची नोंद करून पुढील फाइलीकडे वळावे. या काळात मूळ आज्ञावलीस हात लावू नये. साचा आणि माल एकाच वेळी बदलले, तर बिघाड कोठे झाला हे सांगता येत नाही. आवरताना मूळ आज्ञावलीत दोष सापडलाच, तर तो टिपून ठेवून स्वतंत्रपणे दुरुस्त करावा.

शेवटी चाचण्यांची संख्या आरंभीच्या संख्येशी जुळते की नाही ते पाहावे. काही संगणकभाषांत, पायथॉन त्यांपैकीच एक, एकाच फाइलीत एकाच नावाची दोन फंक्शने आली, तर नंतरचे आधीच्यास मुकाट्याने झाकून टाकते. दोन फाइली एक करताना अशा रीतीने चाचणीच नाहीशी होऊ शकते. नाहीशी झालेली चाचणी अनुत्तीर्ण होत नाही. म्हणून ती मोजूनच शोधावी लागते.

मांडणी आणि निवाडा

साहाय्यक फंक्शनांचे कामानुसार दोन प्रकार होतात. एक प्रकार परिस्थितीची मांडणी करतो : सभासद तयार करणे, पुस्तक नोंदविणे. दुसरा प्रकार निवाड्यात भाग घेतो : अपेक्षित उत्तर काढणे, मिळालेल्या उत्तराशी ते ताडणे. पहिल्या प्रकारच्या नकला खुशाल एकत्र कराव्या. दुसऱ्या प्रकारात मात्र सावधपणा हवा.

'मुदतीची तारीख' हे फंक्शन निवाड्याच्या प्रकारात मोडते, आणि मूळ आज्ञावली जे गणित करते तेच गणित तेही करते. विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तपासण्यासाठी त्याच्याच वहीतील रीत वापरावी, तसा हा प्रकार झाला. म्हणून उत्तम उपाय असा, की तिन्ही नकला एकत्र करण्याऐवजी तिन्ही काढून टाकाव्या आणि चाचणीत अपेक्षित उत्तर दिनदर्शिका पाहून सरळ लिहावे : १ जून २०२४ रोजी नेलेले पुस्तक, मुदत १७ जून; ३ जून रोजी नेलेले पुस्तक, मुदत १८ जून. एका तारखेत रविवार आडवा येतो, दुसरीत येत नाही. या दोन ओळी कोणीही वाचून पडताळू शकतो. ग्रंथपालास संगणकाची भाषा येत नसली तरी त्यालाही त्या पडताळता येतील.

गिटचा चाचणीसंच

आता एका वास्तव प्रकल्पाकडे वळू. आज्ञावलींत झालेल्या बदलांचा इतिहास सांभाळणारी 'गिट' ही प्रणाली लिनस टॉर्वाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये निर्माण केली, आणि त्याच वर्षाच्या जुलैपासून जुनिओ हामानो हे तिचे मुख्य संपादक आहेत. जगातील बहुसंख्य आज्ञावली-लेखक तिचा वापर करतात. तिचा संपूर्ण चाचणीसंच कोणासही पाहण्यास खुला आहे. त्यात शेकडो फाइली असून प्रत्येकीस चार अंकी क्रमांक आहे. पहिला अंक विषय सांगतो, जसा ग्रंथालयातील वर्गीकरणाचा अंक सांगतो. सर्व फाइलींस लागणारी साहाय्यक फंक्शने सामाईक फाइलींत ठेवलेली आहेत.

गिटमधील एका नोंदीस 'कमिट' म्हणतात. चाचणीसाठी एक कमिट तयार करावयाची, तर फाइल लिहिणे, ती नोंदीस लावणे, घड्याळ पुढे सरकविणे, नोंद करणे आणि तिला खूणनाव देणे, अशा अनेक पायऱ्या लागतात. फाइलीफाइलींतून या पायऱ्या पुनःपुन्हा लिहिल्या जात. २००९ साली 'टेस्ट कमिट' हे सामाईक फंक्शन आले आणि हे काम एका ओळीत होऊ लागले.

यातील घड्याळाची गोष्ट विशेष बोधप्रद आहे. कमिटची ओळख पटविणारा लांबलचक क्रमांक तिच्या मजकुरावरून आणि वेळेवरून काढला जातो. खऱ्या घड्याळाची वेळ घेतली, तर तो क्रमांक दर वेळी बदलेल. म्हणून 'टेस्ट टिक' या फंक्शनाने एक कल्पित घड्याळ ठेवले आहे. ते ७ एप्रिल २००५ या दिवसापासून सुरू होते आणि प्रत्येक हाकेस साठ सेकंद पुढे सरकते. त्यामुळे चाचणी आज मुंबईत चालवा किंवा दहा वर्षांनी भिलाईत चालवा, वेळेमुळे निकालात फरक पडत नाही. प्रत्येक फाइलीने आपापले कल्पित घड्याळ ठेवले असते, तर ही एकवाक्यता साधली नसती.

दुसरे उदाहरण निवाड्याचे. विशिष्ट फाइल अस्तित्वात आहे किंवा नाही, हे पाहण्याची एक साधी आज्ञा आहे. परंतु फाइल नसेल तर ती आज्ञा केवळ अपयश कळविते. काय हरवले ते बोलत नाही. गिटमधील सामाईक साहाय्यक फंक्शन तेच काम करते आणि अपयश आल्यास अमुक फाइल अस्तित्वात नाही असे स्पष्ट सांगते. जुन्या चाचण्यांतील मुक्या आज्ञा काढून त्या जागी हे बोलके फंक्शन घालण्याचे काम अजून पूर्ण झालेले नाही. ते नवख्यांसाठी राखून ठेवण्याची प्रथा पडली. 'समर ऑफ कोड' या उपक्रमात गिटवर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी आधी असे एखादे छोटे काम करून दाखवावे, अशी अपेक्षा असते. भारतीय विद्यार्थ्यांनीही ते केले आहे.

हे काम वाटते तितके यांत्रिक नाही. 'फाइल नसावी' असे तपासावयाचे असेल, तेथे बोलक्या फंक्शनापुढे नुसता नकार लावून चालत नाही. सर्व काही ठीक असतानाच ते 'फाइल अस्तित्वात नाही' अशी तक्रार करील आणि वाचणारा गोंधळेल. त्यासाठी 'येथे काही नसावे' असे तपासणारे वेगळे फंक्शन आहे. एकीकरण करताना प्रत्येक स्थळी मूळ लेखकास काय म्हणावयाचे होते, हे समजून घ्यावे लागते ते असे.

एकीकरणाचा अतिरेक

सामाईक कपाट चांगले. पण त्यात घरातील सर्व वस्तू कोंबल्या, तर तेच अडगळीचे होते. पायथॉन भाषेच्या स्वतःच्या चाचणीसंचात असे घडले. 'सपोर्ट' नावाच्या एकाच सामाईक भागात वर्षानुवर्षे साहाय्यक फंक्शने जमा होत गेली. परिणामी कोणत्याही लहानशा चाचणीने तो भाग बोलाविला, की त्याच्याबरोबर पुष्कळशा असंबद्ध गोष्टीही स्मृतीत येऊन बसत, आणि चाचणी ज्या एकाकी परिस्थितीत व्हावयास हवी ती परिस्थितीच बिघडे. २०२० साली या भागाची विषयवार विभागणी करण्यात आली : फाइलींसंबंधी फंक्शने एकीकडे, जाळ्यासंबंधी दुसरीकडे, इशाऱ्यांसंबंधी तिसरीकडे.

दुसरा अतिरेक एकाच फंक्शनास अनेक कळा जोडण्याचा. 'सभासद तयार करा' या फंक्शनास वय, वर्ग, थकबाकी, मुदत, अनामत अशा नऊ कळा बसविल्या, तर चाचणी वाचणाऱ्यास कोणती कळ कशासाठी दाबली हे उमगत नाही. त्यापेक्षा थोडी पुनरुक्ती बरी. एकच ज्ञान एकाच ठिकाणी असावे, हे सूत्र अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी १९९९ साली आपल्या ग्रंथात मांडले. त्यात ज्ञान हा शब्द महत्त्वाचा आहे. ओळी सारख्या दिसणे वेगळे. त्याच वर्षी मार्टिन फाउलर यांनी आपल्या ग्रंथात डॉन रॉबर्ट्स यांचा एक व्यावहारिक नियम नोंदविला : पहिल्यांदा लिहावे, दुसऱ्यांदा पुनरुक्ती सोसावी, तिसऱ्यांदा एकत्र करावे.

चाचणीची चाचणी

आवराआवर संपली आणि सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या, म्हणजे काम पूर्ण झाले काय? अद्याप नाही. कोणताही रूळ लावला तरी बसणारा साचा झिजलेला समजावा. तद्वत जी चाचणी कधी अनुत्तीर्ण होऊच शकत नाही, तिचे उत्तीर्ण होणे निरर्थक होय. एकत्र केलेल्या फंक्शनात निवाड्याची ओळ चुकून गळाली असेल, तर शंभर चाचण्या एकाच वेळी निरर्थक होतात आणि तरीही उत्तीर्ण होत राहतात. पूर्वी पाच नकला असताना एक बिघडली तरी चार शाबूत असत. एकीकरणाने सोय वाढते, तशी त्या एका जागेवरील जबाबदारीही वाढते.

यावर उपाय सोपा आहे. मूळ आज्ञावलीत जाणूनबुजून एक दोष घालावा : पंधराच्या जागी सोळा लिहावे, किंवा रविवारची अट पुसावी. मग संच चालवावा. चाचण्या अनुत्तीर्ण झाल्या, तर त्या जाग्या आहेत; उत्तीर्णच राहिल्या, तर साहाय्यक फंक्शन पुन्हा तपासावे. अर्थात नंतर तो दोष काढून टाकण्यास विसरू नये. ही कल्पना रिचर्ड लिप्टन यांनी १९७१ साली मांडली आणि १९७८ साली डिमिलो, लिप्टन व सेवर्ड यांच्या लेखाने ती सर्वत्र पोहोचली. आता असे दोष आपोआप घालून पाहणाऱ्या प्रणालीही उपलब्ध आहेत.

गिटच्या संचात तर ही दक्षता पहिल्याच फाइलीत घेतलेली आहे. शून्य क्रमांकाच्या त्या फाइलीत मुद्दाम अनुत्तीर्ण होणाऱ्या लहान चाचण्या चालवून सामाईक यंत्रणा त्यांचे अपयश बरोबर नोंदविते की नाही, हे आधी पडताळले जाते. धान्य मोजावयास बसण्यापूर्वी तराजू रिकामा धरून पाहणाऱ्या दुकानदाराचीच ही रीत आहे.

उपसंहार

दुर्ग जिल्ह्यात पोलादाबरोबर आता संगणकविद्याही आली आहे. २०१६ साली स्थापन झालेली भिलाईची भारतीय तंत्रज्ञान संस्था याच जिल्ह्यातील कुटेलाभाटा येथे आहे. उतईतील शाळेत बसलेल्या विद्यार्थ्यास गिट किंवा पायथॉन यांचे चाचणीसंच पाहावयाचे असतील, तर त्यास कोणाची परवानगी काढावी लागत नाही. संगणक आणि जोडणी असली म्हणजे पुरे.

ज्यांना हा विषय स्वतः करून पाहावयाचा आहे, त्यांनी एक छोटा प्रयोग करावा. आपल्या वर्गातील तिघांनी वाचनालयाचे वरील तीन नियम वाचून, परस्परांशी न बोलता, पुढील पाच तारखांना नेलेल्या पुस्तकांची मुदत कागदावर काढावी : १, ३, ८, १५ आणि २० जून २०२४. मग तिन्ही कागद शेजारी ठेवावे. जेथे उत्तरे जुळणार नाहीत, तेथे कोणाचे चुकले हे लगेच ठरवू नये. आधी नियम पुन्हा वाचावा. पंधरा दिवस मोजताना पुस्तक नेल्याचा दिवस धरावयाचा की नाही, हे नियमात स्पष्ट लिहिलेले नाही, असेही कदाचित आढळेल. या पुस्तिकेत तो दिवस न धरता गणना केली आहे. तसे आढळले तर समजावे, की तीन नकलांच्या भेदाने नियमातील उणीव दाखवून दिली, आणि ती कोणत्याही एका कागदावरून दिसली नसती.

आवराआवरीचे काम कोणाच्या नजरेत भरत नाही. तिच्यामुळे आज्ञावलीस नवे सामर्थ्य येत नाही, आणि वाचनालयात पुस्तक नेण्यास आलेल्या मुलीस ती दिसतही नाही. परंतु सोमवारी पुस्तक परत आणल्यावर तिला अकारण दंड पडत नाही, एवढे मात्र खरे.